टीकेत (TK) घालू, की अजून वर्षभर थांबू?

जानेवारी उजाडला की शाळाप्रवेशाचे फॉर्म येतात, आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमधून हा प्रश्न सुरू होतो. मी इथल्या एका सरकारी शाळेत टीके (TK), म्हणजे पहिलीच्या आधीच्या किंडरगार्टनच्याही आधीच्या वर्गावर मदतनीस आहे हे कळलं, की वाढदिवसाच्या पार्टीत केक कापायच्या आधीच कुणीतरी मला बाजूला घेतं. "आमचा अजून धड बोलत नाही, भरवल्याशिवाय जेवत नाही. किंडरला तर तयारच नाही. टीकेत घालू, प्रीस्कूललाच ठेवू, की वर्षभर घरी आजी-आजोबांजवळ?"

असं विचारणाऱ्या बहुतेकांना मी म्हणते, टीकेत घाला, पण आधी वर्ग बघून या. पारखायचा तो वर्ग. मुलाला पारखण्यात आपण उगाच महिने घालवतो.

टीके म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टन. पूर्वी इथे 2 डिसेंबरपर्यंत पाच पूर्ण करणारं मूल त्याच वर्षी किंडरला बसायचं. म्हणजे शाळा सुरू होताना काही मुलं पावणेपाचचीसुद्धा नसत आणि शेजारी जवळजवळ सहाचं मूल बसलेलं असे. 2010 च्या कायद्याने ही तारीख 2012 ते 2014 अशी तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने 1 सप्टेंबरवर आणली आणि मधल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या मुलांसाठी हा नवा वर्ग काढला. 2021 मध्ये तो सगळ्यांना खुला करायचं ठरलं, आणि दरवर्षी थोडं थोडं दार उघडत 2025-26 पासून 1 सप्टेंबरपर्यंत चार पूर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रवेश मिळू लागला. फी नाही. तुम्ही एच-1 व्हिसावर आहात की ग्रीन कार्डवर, याचा प्रवेशाशी संबंध नाही; सरकारी शाळेचं दार इमिग्रेशन बघून बंद करता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितलेलं आहे. सक्तीही नाही. कॅलिफोर्नियात शाळा बंधनकारक होते ती सहाव्या वर्षापासून. किंडर सक्तीचं करणारं विधेयक 2022 मध्ये विधिमंडळातून पुढे गेलं होतं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी खर्चाचं कारण देऊन ते परत पाठवलं.

तेव्हा "वर्ष वाया जाईल का?" या काळजीत फारसा अर्थ नाही. टीके हे दोन वर्षांच्या किंडरचं पहिलं वर्ष आहे. त्यात कुणी नापास होत नाही, कुणाला मागे ठेवत नाहीत. खरा पेच असतो तो ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांचा. तारखेप्रमाणे ते किंडरचे, पण वर्गात सगळ्यात लहान. अशा मुलाला किंडरऐवजी टीकेत बसू द्यायचं की नाही हे स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर अवलंबून असतं, म्हणून ऑफिसात विचारूनच घ्या. याबाबत मी थोडी हळवी आहे, आणि त्याला कारण आहे. 2018 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या राज्यांत 1 सप्टेंबरची तारीख आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांवर एडीएचडीचा (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) शिक्का बसण्याचं प्रमाण सप्टेंबरमधल्या मुलांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघालं. ऑगस्टच्या मुलांचे मेंदू काही वेगळे नसतात. ती फक्त वर्गातली धाकटी असतात, आणि धाकटं मूल चुळबुळतं.

आता "तयार" असण्याबद्दल. आईबाबा मला मोबाइलवर मुलाचे व्हिडिओ दाखवतात: एबीसीडी, वीसपर्यंत आकडे, सगळ्या ग्रहांची नावं. छानच असतात. पण वर्गात पहिल्या आठवड्यात रडू येतं ते डब्याच्या झाकणामुळे. जेवायला वेळ थोडा, डबा घट्ट, मदत कशी मागायची ते माहीत नाही. मूल तसंच बसून राहतं आणि डबा भरलेला घरी जातो. आपल्याकडे चार वर्षांच्या मुलाला भरवणं हे प्रेम असतं, त्यात आजी इथे सहा महिन्यांसाठी आलेली असेल तर विचारूच नका. मी आजींना दोष देत नाही. पण जूनपासून रोजचं एक जेवण त्याचं त्याला खाऊ द्या, सांडलं तर सांडू द्या. जॅकेटची चेन, बुटांचे पट्टे, नाक पुसणं, "मला बाथरूमला जायचंय" हे इंग्रजीत सांगता येणं किंवा खुणेने दाखवता येणं. दुसऱ्याच्या हातातली गाडी हवी असेल तर ओरबाडायच्या आधी क्षणभर थांबणं. हे थांबणं सगळ्यात अवघड, आणि ते घरी शिकवता येत नाही, कारण घरी गाडी मागायला दुसरं कुणी नसतं. त्यासाठी वीस मुलं लागतात. घरी थांबवून "तयार होऊ दे" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते: ज्या गोष्टी यायची तुम्ही वाट बघताय, त्यातल्या निम्म्या वर्गातच येतात.

डायपर सुटलेला नाही म्हणून टीकेचा प्रवेश नाकारता येत नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि लाजेपोटी ते विचारतही नाहीत.

आता आधी वर्ग बघा असं का म्हणते, ते सांगते. सरकारी बालशिक्षण चांगलंच असतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. टेनेसीमध्ये राज्याच्या प्री-केसाठी (किंडरच्या आधीच्या सरकारी वर्गासाठी) जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तेव्हा चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले गेले. संशोधकांनी त्या मुलांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. सहावीत पोचेपर्यंत प्रवेश मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा परीक्षेत मागे होती, आणि त्यांच्या शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या. बॉस्टनमध्येही असाच सोडतीवरचा अभ्यास झाला. तिथे परीक्षेच्या गुणांत फरक दिसला नाही, पण सरकारी प्रीस्कूलला गेलेली मुलं पुढे कॉलेजला जास्त प्रमाणात गेली आणि शिस्तीच्या भानगडीत कमी सापडली. दोन्ही कार्यक्रम सरकारीच. नुसत्या "सरकारी" या पाटीवरून काहीच कळत नाही, आणि प्रीस्कूलचं फळ शालेय गुणपत्रिकेत शोधणाऱ्यांना ते कदाचित सापडणारही नाही.

वर्ग बघायला गेलात की भिंतीवरची चित्रं बघा. सगळी एकसारखी असतील, प्रत्येक घुबडाचे डोळे नेमक्या जागी चिकटवलेले, तर ती मोठ्यांनी केलेली आहेत. वर्कशीटचे गठ्ठे दिसले तर सावध व्हा. ठोकळे, पाणी, वाळू, नाटकाचा कोपरा आहे का, आणि मुलं तिथे खरोखर किती वेळ असतात हे विचारा. मोठी माणसं मोजा: 2025-26 पासून टीकेत दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं आणि शाळेतल्या टीके वर्गांची सरासरी 24 च्या वर जायला नको, असा नियम आहे. टीकेच्या शिक्षिकेला नेहमीच्या परवान्याशिवाय बालशिक्षणाच्या कॉलेज अभ्यासक्रमांचे 24 युनिट (श्रेयांक) किंवा त्या तोडीची पात्रता लागते; तीही विचारायला हरकत नाही. मात्र शिक्षिका खाली वाकून, मुलाच्या डोळ्यांत बघून बोलते का, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नसतं. ते पाच मिनिटांत दिसतं.

दोन ठिकाणी माझं उत्तर बदलतं.

एक म्हणजे वेळ. टीके दिवसाला किमान तीन तासांचंच असतं. काही शाळा पूर्ण दिवस ठेवतात, काही दुपारी बाराच्या आधी मूल हातात देतात. आई आणि बाबा दोघं नोकरीला, आफ्टरकेअरची (शाळेनंतरच्या पाळणाघराची) प्रतीक्षायादी लांब, अशा वेळी फुकट टीके आणि त्याला जोडलेली धावपळ यापेक्षा चांगल्या प्रीस्कूलमध्ये अजून वर्षभर राहिलेलं मूल सुखी असतं. मूल सकाळपासून तीन जागी, तीन माणसांच्या ताब्यात जाणार असेल तर मी नको म्हणते. उत्पन्न कमी असेल तर राज्याचं सरकारी प्रीस्कूल बघा, तिथे आठ मुलांमागे एक मोठं माणूस असतं. किंवा 1965 पासून चालत आलेलं केंद्र सरकारचं मोफत हेड स्टार्ट, जे तिसऱ्या वर्षापासूनच घेतं. शिकायला आलेल्या आणि स्टायपेंडवर भागवणाऱ्या कुटुंबांना हे कुणी सांगतच नाही.

दुसरं, बोलणं. मूल खरंच उशिरा बोलत असेल तर टीकेची वाट बघू नका. "मुलगे उशिराच बोलतात", "दोन भाषांनी गोंधळलाय", "याचा बाबाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता" ही तिन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता फक्त मान डोलावते आणि डिस्ट्रिक्टचा पत्ता देते. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर रीजनल सेंटरला (विकासात मागे पडणाऱ्या मुलांना मदत करणाऱ्या केंद्राला) फोन करा. तीन पूर्ण झाली असतील तर तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला तपासणीची लेखी विनंती द्या. तोंडी नाही, लेखी, तारीख घालून. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत त्यांनी तपासणीचा आराखडा द्यायचा असतो आणि तुमची सही परत गेल्यावर 60 दिवसांत तपासणी करून बैठक घ्यायची असते. लांब सुट्ट्या यात धरत नाहीत, म्हणून पत्र मे महिन्यापर्यंत लांबवू नका. मूल पात्र ठरलं तर स्पीच थेरपी आणि गरज असल्यास प्रीस्कूलसुद्धा मोफत मिळतं, मूल अजून शाळेत जात नसलं तरी.

प्रवेशाच्या कागदांत घरी कोणती भाषा बोलता असं विचारणारा एक फॉर्म असतो. पुष्कळ जण घाबरून त्यावर "इंग्रजी" लिहितात, मुलाला वेगळ्या गटात काढतील म्हणून. मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. टीकेतल्या मुलांना इंग्रजी किती येतं हे बघणारी चाचणी द्यावी लागत नाही, 2024 मध्ये कायदा बदलून त्यांना वगळलं आहे. किंडरला गेल्यावर ती होईल, आणि गरज निघाली तर इंग्रजीसाठी जादा मदत मिळेल. आम्हाला वर्गात मात्र त्या एका शब्दाचा पहिल्या दिवसापासून उपयोग होतो. मूल "शू" म्हणालं तर शिक्षिका बुटांकडे बघत बसत नाही.