तुम्ही विचारलंत म्हणून: सबवूफर ठेवायचा कुठे?

प्रश्न बहुतेक असा येतो. हॉल दहा बाय चौदाचा, टीव्हीच्या दोन बाजूंना दोन बुकशेल्फ स्पीकर, आणि जागा होती म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त बेसचे खालचे सूर वाजवणारा डबा, कोपऱ्यात. बेस नुसता घुमतो, गाण्याचे शब्द कळत नाहीत, खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. याहून मोठा सबवूफर घ्यावा का?

घेऊ नका. घुमतेय ती खोली. चौदा फूट म्हणजे 4.27 मीटर, त्या लांबीत 40 हर्ट्झच्या (सेकंदाला 40 कंपनं) आसपासचा सूर फुगतो. दहा फुटांच्या रुंदीत 56 च्या आसपासचा. छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्याचा आकडा 59, म्हणजे रुंदी आणि उंची जवळपास एकाच सुरावर बसतात. कोपऱ्यातला सबवूफर हे सगळे सूर एकदम जागे करतो.

आधी स्पीकर लावून घ्या. दोघांत सहा फूट अंतर, आणि तुम्ही दोघांपासून सहा-साडेसहा फुटांवर. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा गोल, तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा, म्हणजे सोफ्यासाठी जमिनीपासून तीन-सव्वातीन फूट. मागे पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, असलेला स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबलात की गायकाला सर्दी झालीच म्हणून समजा. वायर दोन कोअरची, अस्सल तांब्याची, 1.5 स्क्वेअर एमएम. एवढ्या हॉलला पुरून उरते. प्लस-मायनस एका बाजूला उलटं लागलं तर बेस पातळ होतो आणि गायक मधोमध उभा राहत नाही. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर फूटभर पुढे ओढा, कारण भिंतीशी बेस सगळ्यात जाड असतो.

आता सबवूफर. तो उचलून चक्क सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. डग्गा स्पष्ट ऐकू येईल असं तबल्याचं रेकॉर्डिंग लावा, किंवा बेस गिटार वरखाली फिरणारं एखादं गाणं. मग भिंतीच्या कडेने रांगा, कान सबवूफरच्या उंचीला ठेवून. घरचे हसतील, हसू द्या. काही ठिकाणी डग्ग्याची एकच थाप अंगावर येईल, काही ठिकाणी ती गायबच होईल. घिस्सा (डग्ग्यावर तळवा घासून काढलेला सूर) खालून वर जाताना घुमारा मधेच न फुगता सरळ सरकतो, ती जागा सबवूफरची. वाजणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोली त्यांच्यातला आवाज तसाच वागवते, म्हणून ही युक्ती चालते. बहुतेक हॉलमध्ये अशी जागा पुढच्या भिंतीलगत, कोपरा सोडून कुठेतरी निघते.

मग बटणं. अॅम्प्लिफायर स्वतः क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर सबवूफरला आणि वरचे स्पीकरला अशी वाटणी, करत असेल तर तिथे 80 हर्ट्झ ठेवा आणि सबवूफरवरची क्रॉसओव्हरची नॉब पूर्ण वर न्या, नाहीतर एकच आवाज दोनदा चाळला जातो. साधा स्टीरिओ अॅम्प असेल तर हिशेब वेगळा. स्पीकर 60 पर्यंत खाली जात असतील तर नॉब 60 वरच. 80 केलंत की दोघं एकाच पट्टीत वाजतात आणि पुरुषी आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो. फेजसाठी, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर एकमेकांच्या उलट न ढकलता एकत्र वाजावेत म्हणून, क्रॉसओव्हरच्याच आकड्याचा सूर मोबाइलच्या टोन जनरेटर अॅपमधून लावा, कुणाला तरी सबवूफरवरचं फेजचं बटण 0 आणि 180 वर फिरवायला सांगा, आणि तुमच्या जागेवरून जे मोठं ऐकू येईल ते ठेवा. लेव्हल शून्यापासून वर आणत जा. डोळे मिटून सबवूफरकडे बोट दाखवता आलं, तर जास्त झालंय.

काकांसाठी मात्र सोपा उपाय नाही. सबवूफरखाली रबराची मॅट घातल्याने डब्याची थरथर कमी होते, पण हवेतून स्लॅबला भिडणारा आवाज तसाच खाली उतरतो. भिंतीला चिकटवायचा इंच-दोन इंचाचा फोमही कामाचा नाही. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. लेव्हल कमी करा आणि रात्री दहानंतर सबवूफर बंदच ठेवा.

एवढं करूनही खरखर आली तर सबवूफरला दोष देण्याआधी टोन जनरेटर 20 ते 120 पर्यंत हळूहळू फिरवा. आकडा थांबवून कान लावा: शोकेसची काच, स्लायडिंग खिडकी, किंवा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचं एखादं ताट.