वाफेवरची हॅट

नागपुरात फेल्टची हॅट घालायला मिळते ती फार तर डिसेंबर-जानेवारीत, तीही सकाळ-संध्याकाळ. पारा 45च्या वर गेला की शहाणा माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळतो. त्यामुळे जुन्या हॅटा दुरुस्त करायचा छंद या गावात मिरवण्यापेक्षा खटपटीचाच जास्त. पण खटपटीला वाव मोठा. फेल्ट विणलेलं नसतं. लोकरीच्या किंवा सशाच्या केसांवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की केस एकमेकांत अडकत जातात. उभे-आडवे धागेच नाहीत, म्हणून ओल्या फेल्टला हवं तिकडे ओढता येतं आणि ज्या आकारात ते वाळतं तो आकार ते धरून ठेवतं. वाफ कुणीही देईल. खरी कसोटी वाळवण्यात आहे.

ट्रंकेतून निघालेली हॅट आधी उजेडापुढे धरावी. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर कसर लागलेली आहे. अशी हॅट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, नाही तर थंड फेल्टवर दव धरतं.

सशाच्या केसांच्या जुन्या हॅटांबाबत एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. केस नीट गुंतावेत म्हणून त्यांना पाऱ्याचं नायट्रेट लावत. अमेरिकेतल्या कारखान्यांत ते 1941च्या डिसेंबरात बंद झालं. त्याआधीच्या मालात पारा उरलेला असू शकतो, म्हणून वाफेचं काम गच्चीवर किंवा अंगणात, स्वयंपाकघरात कधीच नाही. ब्रश मारतानाही मास्क हवा.

ब्रश मऊ केसांचा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरवायचा; लव त्याच दिशेला बसवलेली असते. गडद हॅटेला वेगळा, फिक्या हॅटेला वेगळा. तेलकट डागावर मुलतानी माती भुरभुरून रात्रभर ठेवली की तेल शोषलं जातं. हा उपाय फक्त फिक्या रंगावर. काळ्या फेल्टमध्ये ती पांढुरकी माती अशी बसते की डाग परवडला म्हणावं.

मग आतली कातडी पट्टी. पुष्कळ हॅटा इथेच मरतात. ओल्या कातड्याला गरम वाफ लागली की ते आकसतं, आणि एकदा आकसलेलं पुन्हा सैल होत नाही. म्हणून वाफ द्यायच्या आधी पट्टी उलटून बाहेर काढायची, किंवा टाके उसवून वेगळीच ठेवायची. शिवताना सुई जुन्याच भोकांतून घालावी. नवी भोकं पाडली तर कातडं तिकिटासारखं फाटतं. पट्टीवर छापलेल्या मापावर डोळे मिटून विश्वास नको. 58 सेंटिमीटरची हॅट इंग्लिश मापात 7 1/8 असते आणि अमेरिकन मापात 7 1/4. टेपने मोजलेलं बरं.

किटलीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हॅट सतत फिरवत राहायचं. एकाच जागी वाफ लागली किंवा थेंब पडला की डाग उमटतो, आणि तो घालवायला सगळ्या हॅटेला सारखी वाफ द्यावी लागते. फेल्ट ढिलं पडलं की लाकडी साच्यावर चढवायचं (साच्याला आधी प्लास्टिक गुंडाळून), पट्ट्याच्या रेषेवर, म्हणजे हॅटेचा उभा भाग किनारीला मिळतो तिथे, सुती दोरी आवळायची आणि हाताने खाली दाबत सुरकुत्या काढायच्या. किनारीवर ओलं मलमल टाकून इस्त्री फिरवली तरी चालते.

इथे नागपूरचं ऊन मोह घालतं. मे महिन्यात हॅट तासा-दोन तासांत हाताला कोरडी लागते, पण आत ओल असते. तेव्हा साच्यावरून काढली तर ती आखडते, मग डोक्यात शिरत नाही. उन्हात रंगही उडतो. सावलीत, पंख्याखाली, पूर्ण एक दिवस. कूलरसमोर मुळीच नको, तो ओलच फेकतो.

ताठपणा गेला असेल तर लाख. पूर्व विदर्भात पळसावर लाख घेतात, त्यामुळे ही वस्तू आपल्याला परकी नाही. पॉलिशवाल्याकडची चपडा लाख 5 ग्रॅम, 100 मिलिलिटर स्पिरिटमध्ये विरघळवून, फक्त आतल्या बाजूने, ब्रशने, पातळ. जुलै-ऑगस्टमध्ये या वाटेला जाऊच नये: स्पिरिट उडताना हवेतली ओल खेचली जाते आणि लाखेवर पांढुरकी साय धरते. हे काम दिवाळीनंतरचं.

कसरीची छोटी भोकं पट्टीखालच्या लपलेल्या फेल्टची लव खरवडून, कणभर गोंदात कालवून भरता येतात. मोठं भोक भरायच्या भानगडीत पडू नये. रुंद रिबीन लावावी. गांधीबागेच्या कापडबाजारात आडव्या रेघांची सुती रिबीन शोधावी. साटीन घसरते आणि वळणावर चुण्या पडतात. बो डाव्या बाजूला.

शेवटी पुढचे चिमटे, म्हणजे हॅटेला पुढून दोन्ही बाजूंनी दाबून पाडायचे खळगे, फेल्ट कोमट असतानाच, बोटांनी. पण तयार हॅट त्याच चिमट्यांना धरून उचलायची सवय मात्र नको. फेल्ट आधी तिथेच चिरतं. दोन्ही हातांनी किनार धरायची, घरी आल्यावर उलटी ठेवायची. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत हॅट विसरलात, तर पट्टी पुन्हा पहिल्यापासून.