तुम्ही विचारलंत म्हणून: चालायला गेलो होतो, मग अख्खी बोट का घेतली?

"तुम्ही तुर्कस्तानात चालायला गेला होतात ना? मग मधेच अख्खी बोट कशी काय भाड्याने घेतलीत?" भिशीत, लग्नाच्या पंगतीत, रविवारच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये, सगळीकडे हेच. काहींना आमचं मोठं कौतुक वाटतं, या वयात किती हौशी म्हणून. बाकीच्यांना वाटतं, पैसा वर आलाय. दोन्ही खरं नाही आणि दोन्ही ऐकून मी थकले आहे.

आधी पैशांचं. तिकडे भाडं माणशी नसतं, बोटीचं असतं, आणि ते शनिवार ते शनिवार असं आठवड्याने ठरतं. जुलै-ऑगस्टमध्ये आम्हाला ते झेपलंच नसतं. पण ऑक्टोबर संपत आला होता. त्यानंतर बहुतेक गुलेट, म्हणजे तिकडच्या रुंद लाकडी बोटी, हिवाळ्यासाठी बंद होतात. फेथिये या किनाऱ्यावरच्या गावाच्या धक्क्यावर तीन खोल्यांची एक लहान गुलेट रिकामी उभी होती. कप्तान आणि त्याचा पुतण्या, एवढेच खलाशी. कप्तानाने भाडं बरंच खाली आणलं. आम्ही पुढच्या मुक्कामांचे पैसे त्यात घातले आणि परतीचं तिकीट अलीकडे आणलं. म्हणजे बोटीसाठी आम्ही प्रवास छोटा केला. हे मात्र कुणी विचारत नाही.

आता चालण्याचं. लिशियन वे (लिशिया हे त्या किनारपट्टीचं प्राचीन नाव) ही वाट १९९९ पासून खुणा करून चालणाऱ्यांसाठी मोकळी आहे. फेथियेजवळून निघून अंताल्याच्या दिशेने समुद्राच्या कडेकडेने जाते, पाचशे किलोमीटरहून लांब, खडकांवर लाल-पांढरे पट्टे. ती चालायची म्हणून आम्ही कितीतरी वर्षं पैसे बाजूला टाकले, निवृत्तीनंतर महिनेच्या महिने मोकळे ठेवले. आणि त्या वाटेवरच्या काबाकच्या उतारावर नवऱ्याचा गुडघा गेला. सुजून टम्म. डॉक्टरांनी पाठीवर सॅक घेऊन चालायला साफ मनाई केली आणि आम्ही फेथियेला परत आलो.

त्या गावाच्या वर कड्यात कोरलेली अमिंतास नावाच्या कुणा एकाची कबर आहे, इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातली. गावातून मान वर केली की दिसतेच. तिथे जायला पायऱ्या आहेत. हा धक्क्यावर त्या कड्याकडे पाठ करून बसायचा आणि म्हणायचा, "तू चाल पुढे. मी बसने गावोगाव येऊन भेटतो." मला राग यायचा, आणि तो गुडघ्याचा नव्हता. निघण्याआधी सिंहगड उतरताना त्याला दुखलं होतं आणि त्याने ते माझ्यापासून लपवलं होतं, हे मला तिथे, फेथियेत कळलं.

बोट मी सुचवली. दुपारी चौकशी केली, संध्याकाळी सह्या केल्या. बोटीच्या कागदांवर प्रत्येकाचं नाव चढवून बंदराच्या कचेरीत द्यावं लागतं, म्हणून कप्तानाने पासपोर्ट मागून घेतले. जेवणाचा खर्च वेगळा ठरला. इतकं सोपं होतं ते.

खरं सांगायचं ते पुढचं. ओलुदेनिझचा किनारा सोडला की काश गावाच्या वाटेवर येदी बुरुन लागतात, सात टोकं. उभे कडे थेट पाण्यात उतरलेले, आसऱ्याला जागा जवळजवळ नाहीच. दुपारी वारा चढतो, म्हणून कप्तान उजाडायच्या आत निघतात. आम्हीही निघालो. पण आदल्या दिवशीच्या दक्षिणेच्या वाऱ्याने लाटा अजून उठत होत्या आणि बोटीच्या कुशीवर येत होत्या. स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. त्याच वेळी हा खालच्या खोलीतून अरुंद शिडीने वर येत होता. बोट कलली, पाय पायरीत अडकला आणि सगळा भार त्याच गुडघ्यावर आला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता.

कप्तानाने वेग कमी केला, बोटीचं तोंड लाटांकडे वळवलं. पुतण्याने मासळीच्या पेटीतला बर्फ टॉवेलात बांधून आणला. मागच्या गाद्यांवर याला आडवा केला आणि मी गुडघा धरून बसले. डावीकडे वर कड्याच्या माथ्याचा भाग दिसत होता. ठरल्याप्रमाणे झालं असतं तर आम्ही तिथे असतो. तोही तिकडेच बघत होता.

"सगळ्यांना सांगत सुटशील, माझ्या गुडघ्यासाठी बोट घेतली म्हणून," तो म्हणाला. "तसं सांगू नकोस. तुला थांबता येत नाही म्हणून घेतलीस."

"तू पुण्यातच सांगितलं असतंस तर आपण निघालोच नसतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

कप्तानाने हातानेच विचारलं, मागे की पुढे? मला मागे जायचं होतं. याने पुढे हात केला. मी काही बोलले नाही, आणि काश येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

त्यानंतरचे दिवस शांत गेले. केकोवाच्या खाडीत नांगर टाकायचा आणि मागून एक दोर किनाऱ्यावरच्या खडकाला बांधायचा, की बोट हलत नाही. तिथे हा शिडीवरून पाण्यात उतरला आणि पोहला. पाण्यात गुडघ्यावर भार नाही. पुढे कालेकोय गावी गेलो. तिथे गाडीरस्ता नाही, पायी या नाहीतर बोटीने. उथळ पाण्यात एक लिशियन दगडी शवपेटी उभी आहे. छोट्या होडीतून आम्ही तिच्या इतक्या जवळून गेलो की याने तिच्यावर तळहात टेकवला आणि होडी थांबवून बराच वेळ तसाच ठेवला. पायवाटेने आलेली मंडळी काठावरून बघत होती. वरच्या किल्ल्यावर मी एकटी चढले.

त्या आठवड्यातल्या माझ्या वहीत "त्याच्यासाठी" असं दोनदा लिहिलंय. आता वाचताना मला ते पुरतं पटत नाही. पण त्याचं म्हणणंही पटत नाही. थांबता येत नव्हतं तर मी एकटी चालत गेले असते की! तशी परवानगी त्यानेच दिली होती. मी नाही गेले. हे त्याला ऐकवलं की तो म्हणतो, तुला मला सोडायचं नव्हतं आणि थांबायचंही नव्हतं, दोन्ही एकदम हवं होतं. असेलही. त्यात गैर काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर सपाटीवर चाला म्हणतात. याने लिशियन वेचा काश ते उचआझ हा टप्पा नकाशावर आखून ठेवलाय आणि तो बराचसा सपाट आहे असं मला सांगतोय. तो सपाट नाही, मी बोटीवरून सगळा किनारा बघितलाय. गुडघ्याचं खरं काय ते डॉक्टरांसमोर माझ्या देखत सांगितल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही, हे त्याला बजावलंय. त्याने अजून अपॉइंटमेंट घेतलेली नाही.