मातृसत्ता होती ना, असे तुम्ही विचारलेत म्हणून

व्याख्यान संपले की कुणीतरी जवळ येऊन विचारतेच, ‘पूर्वी बायकांचेच राज्य होते, असे तुम्हीच सांगत होता ना? मग आता का सांगत नाही?’ आधी मातृसत्ता होती आणि ती पुढे उलथली गेली, असे मांडणारा एंगल्स विचारणाऱ्यांनी वाचलेला असतो, विचारवंत शरद पाटलांनी मातृसत्तेची देवी म्हणून मांडलेली निर्ऋतीही त्यांना ठाऊक असते, म्हणून ते सारे पुन्हा उगाळत नाही. मी घाबरले नाही आणि बाजूही बदललेली नाही, एवढे मात्र आधीच सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी बायकांच्या शिबिरात मी इनामगावच्या मूर्तीचे चित्र दाखवले होते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या प्राचीन वस्तीच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली, झाकणाच्या मातीच्या पेटीसोबत सापडलेली, कच्च्या मातीची, शिर नसलेली ती स्त्री. ‘ही आपल्या राज्याची खूण,’ असे मी ठासून म्हणाले. मागे बसलेल्या, मजुरीला जाणाऱ्या एका बाईंनी विचारले, ‘ताई, हिला डोकं कुठं हाय?’ निर्मितीशक्तीच्या पूजेत मुखाला महत्त्व नसते, असे काहीतरी मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हंजी पोटापुरतीच की. आमच्या गावची देवी बी बाईच हाय. तिच्या म्होरं लोटांगण घालत्यात आन् घरी येऊन आमालाच मारत्यात.’ बोलता बोलता त्यांनी बांगड्या वर सरकवून मनगट दाखवले. मी ‘वेळ कमी आहे’ म्हणून पुढचे चित्र लावले. शिबिर संपेपर्यंत त्या पुन्हा बोलल्या नाहीत, आणि त्यांना गप्प मी केले होते.

देवी पुजली जाते म्हणून बाईचा शब्द चालतो असे नाही, हे मला पुस्तकांनी नव्हे, त्या मनगटाने शिकवले. वंश आईकडून चालला तरी सत्ता तिच्याकडे येतेच असेही नाही. मेघालयातील खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि घर धाकट्या मुलीकडे जाते, पण गावच्या दरबारात, म्हणजे गावसभेत, परंपरेने पुरुषच बसत आले.

तरीही तेव्हाच्या मला मी सर्वस्वी खोटी ठरवू शकत नाही. पुरुषसत्तेला कधीतरी सुरुवात झाली, ती निसर्गाने लादलेली नाही, हे पटवायला माझ्याजवळ दुसरे काय होते? पण मग आमचा हक्क इतक्या जुन्या मातीवर का टांगला? ती माती उद्या काही वेगळेच सांगू लागली, तर मार खाणारीने गप्प बसायचे का?

2025 साली तुर्कस्तानातील चातालह्युयुक या प्राचीन वस्तीचा डीएनए अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 9,000 वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत घरांखाली पुरलेली माणसे बापापेक्षा आईच्या नात्याने जास्त जोडलेली निघाली, आणि मुलींच्या थडग्यांत मुलग्यांच्या पाचपट वस्तू होत्या. त्या घरांत निर्णय कोण घेत असे, हे हाडे सांगत नाहीत, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही ती बातमी मी दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा वीस वर्षांपूर्वीची मी आतून म्हणत होते, ‘बघ, सांगत होते की नाही?’ तिला गप्प करायला मला लगेच काही सुचले नाही.