येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात, मोडी कागदांच्या मागे

पहिली चूक रिक्षात बसतानाच केली. पुणे स्टेशनवर नुसतं "डेक्कन" म्हणाले आणि रिक्षा निघाली डेक्कन जिमखान्याकडे. कॉलेज आहे येरवड्याला, अगदी दुसऱ्या टोकाला. तेव्हा पत्ता पूर्ण सांगा.

१८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेचं हे पुढचं रूप. टिळक, आगरकर, राजवाडे इथेच शिकले. १९३४ मध्ये कॉलेज बंद पडलं, १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. इतिहाससंशोधक पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह त्यानंतर इथे आला आणि त्याच्यासोबत नाना फडणिसांचं मेणवली दप्तरही, म्हणजे वाईजवळच्या मेणवलीतले त्यांचे कागद. माझं माहेर वाईजवळचं, म्हणून हा सगळा खटाटोप.

जाण्याआधी पत्र पाठवून परवानगी घ्या. शिफारसपत्र, ओळखपत्र आणि शिसपेन्सिल जवळ हवी. फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, गृहीत धरू नका. "पेशवाईतलं काही आहे का?" असं विचारलंत तर हाती काहीच लागणार नाही, गाव, माणूस, निदान दहा-वीस वर्षांचा काळ सांगता आला पाहिजे.

मोडी येते म्हणून मी निश्चिंत होते. पण वर्गातली मोडी म्हणजे देवघरातली रांगोळी आणि कारकुनाची मोडी म्हणजे घाईत ओढलेला फराटा. आधी सबंध ओळभर रेघ, मग तिला लटकलेली अक्षरं, शब्द कुठे तुटतो ते आपण ओळखायचं. पहिल्या दिवशी दीड पान झालं.

खरी फजिती तारखेत झाली. कागदावर 'छ' म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिना आणि सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कागदांतली एक कालगणना, तोही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, ११६१. हे साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतं. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून १७६१. मी सरसकट ५९९ मिळवत गेले आणि उत्तर आधी, पत्र नंतर असा चमत्कार घडला! चांद्र महिने दरवर्षी सरकतात, त्यामुळे मोडकांची जंत्री, म्हणजे जुन्या तारखा इंग्रजी तारखांशी जुळवणारं कोष्टक, जवळ असल्याशिवाय तारीख लिहूच नका. कागद उलटूनही पाहा. मागे 'पैवस्ती' लिहिलेली असते, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. कधी कधी तीच जास्त स्पष्ट निघते.

दुपारच्या जेवणाची सोय आधी बघून ठेवा. धुळीचा त्रास असेल तर मास्क न्या; माझा खोकला अजून गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी, रुमाल (कागदांचं कापडी गाठोडं) बांधायची वेळ झाली तेव्हा, आमच्या गावाचं नाव दिसलं. गवताच्या भाऱ्यांचा हिशेब होता. भारे कुणाच्या घोड्यांसाठी गेले, ते पुढच्या बंदावर, म्हणजे कागदाच्या पुढच्या पट्टीवर, असणार, आणि तो बंद त्या रुमालात नव्हता. दिवाळीनंतर परत जाणार आहे.