गंधकाने अडवलेले बेरियम

डिझेल गाडीच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड पकडणाऱ्या सापळ्याची चर्चा बहुधा प्लॅटिनमभोवती फिरते. मला मात्र त्यातील बेरियम अधिक महत्त्वाचे वाटते, कारण वायू साठवून ठेवण्याचे काम तेच करते आणि गंधकाचा सर्वांत चिवट मारही त्यालाच बसतो.

या सापळ्यात प्लॅटिनमवर नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइड होते आणि ते बेरियमशी संयोग पावून नायट्रेटच्या रूपात साठते. अधूनमधून काही सेकंद इंजिनात इंधन जास्त सोडले की हे नायट्रेट फुटते, सुटलेल्या वायूचे निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर होते आणि बेरियम पुन्हा मोकळे होते. इंधनातील गंधकाचा प्रवासही याच वाटेने होतो. जळताना तयार झालेल्या सल्फर डायऑक्साइडचे प्लॅटिनमवर ट्रायऑक्साइड होते आणि त्यापासून बेरियम सल्फेट बनते, जे नायट्रेटपेक्षा कितीतरी अधिक स्थिर असते. त्यामुळे नेहमीच्या शुद्धीकरणात ते जागचे हलत नाही.

हिशेब मांडून पाहावा. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी १०,००० किलोमीटर धावली, तर सुमारे ६६७ लिटर डिझेल जळते. त्यात १० पीपीएम (म्हणजे वजनाने दहा लाख भागांत १० भाग) गंधक असेल, तर साडेपाच ग्रॅम गंधक सापळ्यापर्यंत पोहोचते आणि ते सारेच तिथे अडकले, तर जवळपास २४ ग्रॅम बेरियम निकामी होते. ५० पीपीएमच्या डिझेलमध्ये हाच आकडा १२० ग्रॅमच्या आसपास जातो.

सल्फेट काढायचे तर सापळा ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून, जादा इंधनाच्या वातावरणात काही मिनिटे ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात हायड्रोजन सल्फाइड सुटून सडक्या अंड्यांसारखा वास येऊ शकतो. तो टाळण्यासाठी इंधनाचे प्रमाण आळीपाळीने कमी-जास्त केले जाते. पण खरी किंमत उष्णतेची आहे. प्रत्येक वेळी प्लॅटिनमचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यांचा क्रियाशील पृष्ठभाग घटतो, आणि तो परत मिळवता येत नाही. म्हणून उत्प्रेरक वारंवार भाजून काढण्यापेक्षा गंधक रिफायनरीतच काढणे मला सर्वस्वी योग्य वाटते.

आपल्याकडे २०१० मध्ये ५० पीपीएमचे डिझेल मुंबई, पुणे, सोलापूर यांसह मोजक्या शहरांनाच मिळाले. शहराबाहेर टाकी भरणाऱ्याच्या वाट्याला ३५० पीपीएमचे डिझेल येई. अशा देशात हा सापळा टिकलाच नसता. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमची मर्यादा लागू झाली, आणि त्यानंतरच काही लहान डिझेल गाड्यांत तो बसवणे व्यवहार्य ठरले.

इंजिन ऑइलमधील गंधक मात्र उरतेच. त्यामुळे बीएस-६ (भारत स्टेज-६ हे धुराच्या प्रदूषणाचे मानक पाळणाऱ्या) डिझेल गाडीत कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचेच ऑइल घालावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.