सगळे मेल शनिवारचे

रविवार, ७ जुलै २०२४

काल सकाळी भाऊकाकांचे उत्तर आले: ‘मुंजीला नक्की येतो. मुक्कामाची सोय कुठे केली आहे?’ चिंटूची मुंज २०१५ साली झाली. चिंटू आता दाढी करतो. तासाभराने ताईचा फोन आला आणि तिच्या फोनवरच्या झाडून सगळ्या मेलांवर शनिवारची पहाट कशी काय लागली आहे, एवढेच तिने विचारले. उत्तर मला त्याच क्षणी कळले होते, तरीही ‘बघतो’ म्हणून मी फोन ठेवला, आणि ते ‘बघतो’ दिवसभर बोचत राहिले.

घरच्या सगळ्यांचे मेल मी सांभाळतो तो सर्व्हर सेंटओएस ७ या प्रणालीवर चालायचा; तिला मिळणाऱ्या सुधारणा ३० जूनला थांबल्या, हे घरात कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. म्हणून डेबियन १२ या दुसऱ्या प्रणालीचा नवा सर्व्हर मी उभा केला, मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि ते फोन-लॅपटॉपला दाखवणारा डव्हकॉट बसवले, मेल कुठे पोहोचवायचे हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती इतरांनी लक्षात ठेवण्याची मुदत, दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवला, आमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो त्या एसपीएफच्या नोंदीत नवा आयपी घातला, मेलवर सही करणारी डीकेआयएमची किल्ली हलवली, आणि यातले काहीही चुकले नाही. चुकले ते एक अक्षर. नव्या सर्व्हरवर आरसिंक हे फायली नेण्याचे साधन नव्हते आणि ते बसवण्याचे मिनिटभराचे काम मध्यरात्री नकोसे वाटले, म्हणून मी फायली एससीपी या साध्या कॉपीच्या आज्ञेने नेल्या आणि आज्ञेतल्या ‘आर’पुढे ‘पी’ लिहायला विसरलो. ‘पी’ नसला तरी मजकूर जसाच्या तसा पोहोचतो, फक्त फाईलची मूळ वेळ मागे राहते आणि तिच्यावर कॉपी केल्याची वेळ लागते. आणि मेलडिरमध्ये, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाईल ठेवण्याच्या पद्धतीत, मेल केव्हा आला हे डव्हकॉट त्या वेळेवरूनच सांगतो. लॅपटॉपवर मेल वाचण्याचा थंडरबर्ड मेलच्या आत लिहिलेली तारीख दाखवतो, त्यामुळे लॅपटॉपवर सर्व ठीक दिसले आणि मी निर्धास्त झोपलो. ताईच्या फोनने मात्र सर्व्हरला विचारले.

खरे पाहता एकही मेल हरवला नाही, एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे झाला नाही. मग एवढे का लागावे? रात्रभर मी जागलो ते कोणाला दिसले नाही आणि दिसली ती नेमकी चूक, याचे वाईट वाटते आहे, असे आधी वाटले. नळाला पाणी येते तोवर टाकी कोण धुतो हे कोणी विचारत नाही, वगैरे पुष्कळ मनात येऊन गेले. पण ते तितकेसे खरे नाही. माझ्या फोनवर विजेचे बिल आणि बँकेचा ओटीपी यांच्या मधोमध नानांचा मेल पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी आलेला दिसला, आणि अर्धा क्षण मी तो नवा आहे असेच समजलो. त्याविषयी आज लिहिणार नाही. पण तेव्हापासून मी त्या ‘पी’कडे पुन्हा पुन्हा परत येतो आहे.

उपाय सापडला तो फाईलच्या नावातच. मेलडिरमधल्या नावाची सुरुवात १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांनी होते. उदाहरणार्थ १४००००००००, म्हणजे आपल्याकडची १३ मे २०१४ ची रात्र, १० वाजून २३ मिनिटे. कॉपी करताना नाव बदलत नाही, म्हणून त्या आकड्यांवरून ‘टच’ या आज्ञेने एकेका फाईलला तिची वेळ परत दिली, डव्हकॉटने साठवून ठेवलेली जुनी माहिती (कॅशे) पुसली, मेलांच्या क्रमांकांच्या (यूआयडी) यादीला हात लावला नाही, आणि ताईला फोनवरचे खाते काढून पुन्हा घालायला सांगितले. तिने ‘बरं’ म्हटले.

जुने मेल मात्र तरीही जागेवर येईनात. २०१४ च्या नोव्हेंबरपूर्वीचे सगळेच्या सगळे एकाच संध्याकाळी आलेले दिसत होते, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आले की ते माझेच काम आहे: त्या वेळी सेंटओएस ७ वर येताना, सगळे मेल एकाच फाईलमध्ये ठेवणाऱ्या एमबॉक्समधून मेलडिर करणारी स्क्रिप्ट मीच लिहिली होती आणि नावांत त्या दिवसाचेच सेकंद भरले होते. म्हणजे हा शनिवार घरात पूर्वीही एकदा येऊन गेला होता, त्याला दहा वर्षे होत आली, आणि कोणाच्या, माझ्यादेखील, लक्षात आले नव्हते. मी एकटाच हसलो. त्या मेलांना आता आतली तारीख वाचून वेळ द्यावी लागेल. ते पुढच्या रविवारी.

भाऊकाकांना उत्तर द्यायचे राहिले आहे. त्या मुंजीला ते आले नव्हते. दोनदा स्पष्टीकरण लिहून खोडले. आता एवढेच ठेवले आहे की मुक्काम आमच्याकडेच, केव्हाही या.